पिकअपचे मागचे शॉकअप घरीच बदला

मैंदर्गीहून तूर भरून अक्कलकोटला जाणाऱ्या पिकअपवाल्यांसाठी. रिकामी गाडी मागून उड्या मारतेय, शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसतोय? मग तो संपला. ओझं पाटे पेलतात, शॉकअप त्यांचा झोका आवरतो. म्हणून जादा पाटा घालून हे दुखणं जात नाही.

आदल्या रात्री गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारा. हँडब्रेक मागच्या चाकांवरच असतो, मागची बाजू उचलली की तो निरुपयोगी. त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड हवेतच! नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. दोन्ही शॉकअप जोडीनंच बदला. शेवटचा नट गाडी चाकांवर उतरवून आवळा. लटकत्या अवस्थेत आवळलेले रबरी बुश पिळवटून लवकर फाटतात.