वीज आणि मिनिटभराची चित्रफीत

शिरूर अनंतपाळच्या रानांत मृगाचे ढग गडगडूं लागले, कीं मोबाइलवर विजेच्या चित्रफिती फिरूं लागतात. बहुतेकींत झाड पेटतें, आरडाओरडा होतो आणि फीत संपते. पाहणाऱ्यास भीती तेवढी कळते. करावें काय, हें कळत नाहीं.

आमच्या मतें फितींत कृति दिसली पाहिजे. वीज चमकतांच सेकंद मोजूं लागावें. प्रकाश तत्काळ दिसतो, परंतु नाद सेकंदास सुमारें 340 मीटरच चालतो. म्हणजे 3 सेकंदांस एक किलोमीटर. तीस मोजण्यापूर्वीं गडगडाट ऐकूं आला, तर वीज 10 किलोमीटरांच्या आंत आहे असें समजून पक्क्या घरांत जावें व शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटें बाहेर पडूं नये. हें मोजणें फितींत जितकें स्पष्ट दिसतें, तितकें फळ्यावर आम्हांसही दाखवितां येत नाहीं.

अडचण निराळीच आहे. पेरणीस गेलेली बाई पाऊस येतांच बाभळीखालीं धांवते, कारण भिजूं नये हें तिला लहानपणापासून ठाऊक. झाडावर पडलेली वीज खोडांतून उतरतांना जवळच्या माणसाकडे झेपावते, हें मात्र तिला कोणीं सांगितलेलें नसतें. अशा वेळीं भिजणेंच पत्करावें.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें ‘दामिनी’ हें ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देतें. परंतु घरांतील मोबाइल बहुधा मुलांच्या हातीं, आणि आई शेतांत! तेव्हां बालमित्रांनो, ती निघण्यापूर्वींच फीत तिला दाखवा. निदान मोजणें तरी तोंडीं शिकवा.