बाळाच्या दातांवरील आळ

बालकास आपली कैफियत स्वमुखाने मांडता येत नसल्यामुळे दवाखान्यात ती आई मांडते, आजी तीत दुरुस्ती सुचवते आणि निदानही बहुधा आजीच प्रथम करते. या निदानामागे वात्सल्य असते, तसेच निरीक्षणही असते. मात्र कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तशा एकाच सुमारास घडलेल्या दोन घटनांत कार्यकारणभाव मानला गेला, म्हणजे उपचार भलत्याच वाटेला लागतो.

गैरसमज : दात येताना ताप आणि जुलाब व्हायचेच.

वस्तुस्थिती : पहिला दात बहुधा सहाव्या महिन्याच्या मागेपुढे येतो. याच सुमारास गर्भावस्थेत मातेकडून लाभलेली प्रतिकारद्रव्ये ओसरू लागतात, वरचे अन्न सुरू होते आणि पुढे रांगू लागलेले बाळ किल्ल्यांच्या जुडग्यापासून बापाच्या चपलेपर्यंत हाती लागेल ती वस्तू तोंडात घालून पाहते. जुलाबाचे जंतू पोटात दाखल होतात ते या मार्गाने. दातामुळे लाळ गळेल, हिरड्या शिवशिवतील, बाळ किरकिर करील; परंतु १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ताप दाताच्या माथी मारू नये.

गैरसमज : जुलाबात दूध-अन्न बंद ठेवले की पोटास विश्रांती मिळते.

वस्तुस्थिती : जुलाबात मूल दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. ग्लुकोज शोषून घेताना आतडे त्यासोबत सोडियम आणि त्यामागोमाग पाणीही ओढून घेते, आणि आतड्याचे हे सामर्थ्य जुलाबातही पुष्कळसे शाबूत राहते. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामकाळी बनगावच्या निर्वासितांत पटकी फैलावली आणि सलाइनचा साठा अपुरा पडला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांस पाजला. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून शेकडा ४ च्याही खाली उतरले. आजची ओआरएसची पुडीही याच तत्त्वावर बेतलेली आहे. पुडीवर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात ती सबंध विरघळवावी, थोडीथोडी टाकू नये. आणि बाळ उलटी करीत असल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. या कामास लागणारी चिकाटी आजीइतकी क्वचितच कोणापाशी असते. अंगावरचे दूध, मऊ भात, खिचडी चालूच ठेवावी. सोबत वैद्यकीय सल्ल्याने जस्ताचे औषध १४ दिवस द्यावे.

गैरसमज : गोड खाल्ल्याने जंत होतात.

वस्तुस्थिती : गोडाने दात किडतात, जंत मात्र शौचाने दूषित झालेल्या मातीतून, न धुतलेल्या हातांतून व भाज्यांतून येतात, आणि अंकुशकृमी तर अनवाणी पायांच्या त्वचेतूनच शिरतात. नखे कापणे, हात साबणाने धुणे आणि अंगणवाडीत वा शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी घेणे, हाच त्यावरील बंदोबस्त.

गैरसमज : मधाचे बोट चाटवल्याने बाळ गुटगुटीत होते.

वस्तुस्थिती : मधात क्वचित असणाऱ्या बोट्युलिझमच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात, सबब वर्ष पुरे होईपर्यंत मध वर्ज्य, आणि पहिले सहा महिने ओआरएस व औषध वगळता आईच्या दुधावाचून दुसरे काहीही नको, पाणीसुद्धा नको.

कारण कोणतेही असो, मूल सुस्त पडले, काही पिईनासे झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले अथवा तीन महिन्यांच्या आतील बाळास ताप आला, तर चर्चेत वेळ न दवडता त्याला तडक दवाखान्यात आणावे.