संध्याकाळ सकाळीच शिजते

पॅरिसमधल्या एखाद्या गल्लीतल्या बिस्त्रोचं गणित मांडून बघा. टेबलं बारा-पंधरा, बसणारी माणसं पस्तीस-चाळीस. स्वयंपाकघर चार पावलांत संपणारं, आत दोघं जण. बाहेर वाढायला एक, फार तर दोन. जेवायला आलेल्यांपैकी बहुतेक जण तीन गोष्टी मागवणार: सुरुवातीचं काहीतरी, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड. म्हणजे साडेसातला दार उघडल्यापासून दहाच्या सुमारास चूल बंद होईपर्यंत शंभरेक ताटल्या त्या चार पावलांतून बाहेर पडायला हव्यात. आणि तरीही कुणाला कसली घाई नाही. एक जोडपं अर्धा तास पहिल्याच पेल्यावर गप्पा मारत बसलंय, कोपऱ्यात एकटेच आजोबा पेपर चाळत सूप पितायत. टेबल रिकामं करा, असं कुणी नजरेनंही सुचवत नाही.

हे जमतं कसं? उत्तर भिंतीवर टांगलेल्या काळ्या पाटीवर खडूनं लिहिलेलं असतं. त्यावरची नावं नीट वाचली की लक्षात येतं, यातलं बहुतेक सगळं आधीच तयार आहे. वाईनमध्ये शिजवलेलं गोमांस, म्हणजे बफ बुर्गिन्यों. बदकाची तंगडी, काँफी. उकडून गार केलेले लीक, मोहरीच्या आंबट सॉसमध्ये. मसुराची कोशिंबीर. क्रेम कारामेल. चॉकलेट मूस. रात्री आठला हे सगळं पहिल्यापासून करायला घेतलं तर जेवण मध्यरात्री मिळेल. बिस्त्रोचा स्वयंपाक असा निवडलेला आहे की त्याचा वेळ सकाळी आणि दुपारी खर्च होतो आणि संध्याकाळ गिऱ्हाइकासाठी मोकळी राहते. तिथला निवांतपणा कुणीतरी सकाळी नऊपासून रांधत असतं. मला ही फार मोठी कल्पकता वाटते.

बफ बुर्गिन्योंचंच बघा. त्यासाठी जनावराचा महागडा, मऊ भाग कुणी घेत नाही. खांद्याचा किंवा पायाकडचा, आयुष्यभर राबलेला, चिवट भाग घेतात. तो चिवट असतो कोलॅजनमुळे. हे प्रथिन म्हणजे एकमेकांत पिळलेल्या तीन धाग्यांचा दोर. साठ-सत्तर अंशांच्या पुढे हा पीळ सैल होऊ लागतो, आणि ओलाव्यात तासन् तास मंद आच मिळाली की त्याचं जिलेटिन होतं. जे दातांना दाद देत नव्हतं, तेच रश्शात उतरून त्याला दाटपणा आणि ओठांना चिकटणारी चकाकी देतं. घाई केली तर मांस कोरडं पडतं आणि कोलॅजन तसंच राहतं. या पदार्थाला वेळ हाच मसाला लागतो, आणि वेळ देऊन झाला की तो थांबायला तयार असतो. रश्शातच गार होऊ दिला तर मांस थोडा रस परत शोषून घेतं, म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. हॉटेलवाल्याला याहून सोयीचा पदार्थ कोणता असणार?

बदकाच्या काँफीची गोष्ट आणखी जुनी. फ्रीज नव्हते तेव्हा नैर्ऋत्य फ्रान्सात बदकाच्या तंगड्या मिठात मुरवायच्या, त्याच्याच चरबीत अगदी मंद आचेवर तासन् तास शिजवायच्या आणि त्याच चरबीखाली बुडवून ठेवायच्या. वरचा चरबीचा थर हवा आत जाऊ देत नाही. हिवाळ्याची बेगमी करण्याची ही रीत आता बिस्त्रोत संध्याकाळ सांभाळते. ऑर्डर आली की तंगडी चरबीतून काढायची, कातडी कुरकुरीत होईपर्यंत तापवायची, झालं.

पण माझा सगळ्यात लाडका पदार्थ म्हणजे अफ मायोनेज. उकडलेलं अंडं अर्धं कापून पालथं घातलेलं आणि त्यावर घट्ट, पिवळसर मायोनेज. पाटीवरच्या स्वस्त पदार्थांपैकी हा एक. क्लोद लेबे या फ्रेंच खाद्यसमीक्षकानं त्याच्या रक्षणासाठी चक्क संस्था काढली होती, आणि ती काढणं मला अगदी योग्य वाटतं, कारण त्या ताटलीत एक छोटा चमत्कार आहे. अंड्याचा बलक म्हणजे साधारण निम्मं पाणी. त्यात थोडी मोहरी घालून, फेटत फेटत तेल थेंबाथेंबानं सोडायचं. तेल-पाण्याचं एरवी जमत नाही. पण बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं तेलाच्या प्रत्येक सूक्ष्म थेंबाभोवती वेढा घालतात, त्यामुळे थेंब पुन्हा एकत्र येऊ शकत नाहीत. तेल घालत राहिलं की थेंबांची दाटी वाढते. एकूण आकारमानाचा तीन चतुर्थांश भाग तेलानं व्यापला की थेंबांना सरकायला जागाच उरत नाही, ते एकमेकांवर दाबून बसतात. दोन पातळ पदार्थ मिळून चमच्यावर उभं राहणारं काहीतरी तयार होतं. गोठवलेलं नाही, शिजवलेलं नाही, नुसतं फेटलेलं! तेल घाईनं ओतलं तर मायोनेज फाटतं. तेव्हा ते टाकून द्यायचं नाही. नवा बलक घ्यायचा आणि फाटलेलं मिश्रण थेंबाथेंबानं त्यात मुरवायचं, ते परत जुळून येतं. हेही दुपारीच होतं. संध्याकाळी फक्त चमचा उचलायचा.

मग गरमागरम काय? स्टेक आणि फ्रीत, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फोडी. इथेही स्वयंपाक्यानं वेळेची वाटणी केलेली असते. चांगल्या फ्रीत दोनदा तळतात. पहिल्यांदा दीडशे-एकशेसाठ अंशांच्या तेलात: आतले स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, बटाटा मऊ होतो, पण रंग येत नाही. मग या फिकट फोडी काढून नुसत्या ठेवून द्यायच्या. ऑर्डर आली की दुसरी बुडी, आता एकशेऐंशी अंशांच्या वर. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन सुसाट बाहेर पडतं, आणि ही बाहेर धावणारी वाफच तेलाला आत शिरू देत नाही. तळताना येणारा तडतडाट म्हणजे ही वाफच. पाणी संपत आलं की कड कोरडी होते आणि सोनेरी होऊ लागते. हा सोनेरी रंग आणि तव्यावरच्या मांसाचा खमंग तपकिरी थर, दोन्ही एकाच प्रकारच्या रासायनिक क्रियेतून येतात. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखर यांची ही क्रिया लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये मांडली. त्याचंच नाव आज तिला आहे. फ्रीतसाठी आवडीनं वापरला जाणारा बिंत्ये बटाटा मात्र फ्रेंच नाही. नेदरलँड्समधल्या एका शाळामास्तरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तयार केला आणि आपल्या एका विद्यार्थिनीचं नाव त्याला दिलं.

स्टेकसाठीसुद्धा बिस्त्रोत बहुधा ओंग्ले किंवा बाव्हेत असे लांब धाग्यांचे, चवीला दमदार आणि तुलनेनं स्वस्त भाग असतात. खाटीक हे भाग स्वतःच्या घरी नेत, असं म्हणतात. कडक आचेवर दोन्हीकडून दोन-तीन मिनिटं, बस्स. शेवटच्या क्षणी करायचं काम इतकंच उरलेलं असतं, म्हणूनच दोघं जण चाळीस माणसं सांभाळू शकतात.

हे शहाणपण कुठल्या पाकशाळेत जन्मलं नाही. त्याचा मोठा वाटा पॅरिसच्या बाहेरून, पोटासाठी आलेल्या माणसांचा आहे. फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न्य आणि आव्हेरों हा डोंगराळ, थंड, नापीक मुलूख आहे. एकोणिसाव्या शतकात तिथली माणसं लोंढ्यानं पॅरिसला आली. आधी त्यांनी पाणी वाहिलं, कारण घरोघर नळ नव्हते. नळ आले तसं ते काम गेलं, मग कोळसा आणि सरपण पाठीवर घेऊन पाच-सहा मजले चढू लागले. पॅरिसकर त्यांना बुन्या म्हणत. त्यांच्या दुकानावर पाटी असे, ‘वाईन आणि कोळसा’. एका बाजूला कोळशाची पोती, दुसऱ्या बाजूला छोटा काउंटर. नवरा पोती पोचवायला गेला की बायको काउंटरवर वाईन ओतायची. हळूहळू वाईनसोबत खायला काहीतरी आलं, गावाकडचं, मोठ्या भांड्यात मंद शिजणारं. पुढे घरं तापवायला गॅस आणि तेल आलं, कोळसा गेला, पण काउंटर राहिला.

ही माणसं एकमेकांना घट्ट धरून होती. लुई बोने या ओव्हेर्न्याकडच्या माणसानं 1882 मध्ये त्यांच्यासाठी ‘लोव्हेर्न्या द पारी’ हे वृत्तपत्र काढलं. 1904 पासून गावी जाण्यासाठी बोनेच्याच नावानं खास आगगाड्या सुटू लागल्या. नंतर लेखक-कलावंतांच्या अड्ड्यांमुळे गाजलेली ठिकाणंही या मंडळींच्या हातात होती. ब्रासरी लिप 1920 मध्ये आव्हेरोंच्या मार्सेलँ काझनं घेतली, काफे द फ्लोर 1939 मध्ये पोल बुबालनं. आजही अनेक बिस्त्रोंत दिसणारे हिरवे मसूर ओव्हेर्न्यजवळच्या ल प्वीच्या ज्वालामुखीच्या मातीतले आहेत, आणि 1996 मध्ये त्या गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालंय.

रोज तीच माणसं जेवायला येत असतील तर जागा बदलते. 41, र्यू मस्य-ल-प्रँस इथलं पोलिदोर 1845 पासून आहे. तिथल्या भिंतीवर लाकडी खणांची एक मांडणी आहे. त्या खणांत नेहमीच्या गिऱ्हाइकांचे कापडी नॅपकिन असायचे. आपापल्या खणातून नॅपकिन काढायचा, जेवायचं, घडी घालून परत ठेवायचा. शार्तिये हे 1896 सालचं भोजनालय खरं तर बिस्त्रोपेक्षा खूप मोठं, पण तिथेही असे खण आहेत. आपल्याकडे खानावळीच्या मेंबरची जी ठरलेली जागा आणि ठरलेलं ताट असायचं, तेच नातं त्या खणांत दिसतं. शार्तियेचे वेटर आजही टेबलावरच्या कागदी आच्छादनावरच बिल लिहितात. ती बेरीज होताना बघायलाच मला तिथे जावंसं वाटतं.

या निवांतपणामागे कायदाही उभा आहे. जेवणाबरोबरचा पाव आणि साधं पाणी यांचे वेगळे पैसे लावायचे नाहीत, असा फ्रान्समध्ये 1967 पासून नियम आहे. 1987 पासून सेवेचा आकार छापील किमतीतच धरलेला असतो. त्यामुळे टिप द्यायची तर आनंदानं, सक्ती नाही. दर बाहेर लावलेले असतात, म्हणजे खिशाला परवडतं का हे दारात उभं राहूनच कळतं. आणि पदार्थ तिथेच, कच्च्या मालापासून केलेला असेल तर त्यापुढे एक छोटं चिन्ह लावता येतं: घराच्या छपराचं झाकण असलेलं पातेलं. हे 2014 पासून आहे. दारापासून बिलापर्यंत माणसाला कुठेच धास्ती वाटू नये, याची इतकी तजवीज कुणीतरी बसून केलीय, हे मला फार मोलाचं वाटतं.

या स्वयंपाकाला मध्ये पुन्हा एक भरती आली. ओतेल द क्रियोंसारख्या आलिशान ठिकाणी काम केलेल्या इव्ह कांदबोर्दनं 1992 मध्ये पॅरिसच्या कडेच्या चौदाव्या प्रभागात ला रेगालाद नावाचं साधं बिस्त्रो काढलं. मोठ्या हॉटेलातलं कसब, पण टेबल साधं आणि भाव माफक. बऱ्याच तरुण स्वयंपाक्यांनी ती वाट धरली. असं असलं तरी एकूण चित्र घटीचंच आहे. 1960 च्या सुमारास फ्रान्समध्ये दोनेक लाख काफे-बिस्त्रो होते, आता चाळीस हजारांच्या आसपास उरलेत. 2024 मध्ये फ्रान्सनं त्यांच्याभोवतीच्या सामाजिक जीवनाची नोंद आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत केली.

तुमचं कधी पॅरिसला जाणं झालं तर आयफेल टॉवरच्या आसपासचं, चार भाषांत फोटोसकट मेनू लावलेलं हॉटेल टाळा. मेट्रोच्या चार-पाच स्टेशनांपलीकडे, घरं जास्त आणि पर्यटक कमी असलेल्या गल्लीत शिरा. पाटीवर दहाच्या आतच पदार्थ असतील तर ठिकाण बहुतेक चांगलं निघेल, कारण तेवढेच सकाळी नीट शिजवता येतात. आत शिरताच ‘बोंस्वार’ म्हणा, न बोलता टेबलाकडे जाणं तिथे उद्धटपणाचं समजतात. शाकाहारी असाल तर लीक, मसूर, चीजचा तुकडा, पाव आणि क्रेम कारामेल यांवर संध्याकाळ छान निघते. मात्र मसुरात डुकराचं मांस आहे का, हे आधी विचारून घ्या, आणि क्रेम कारामेलमध्ये अंडं असतंच, हे लक्षात ठेवा. पाण्यासाठी ‘कराफ दो’ मागा, ते फुकट असतं. आणि बिलाची वाट बघत बसू नका. ते तुम्ही मागितल्याशिवाय आणायचं नाही, अशी तिथली रीत आहे.