मोटारसायकलीचें ॲव्हरेज कां उतरतें?

आमच्या मालवण-कुडाळ बाजूस मोटारसायकल नसलेलें घर आतां विरळाच. एकत्र कुटुंबांत ती एकट्याची नसते. ती पुतण्याला कॉलेजांत पोंचविते, बाजारहाट करिते, आणि प्रसंगीं रात्रीं-अपरात्रीं डॉक्टरांकडेही धांवते. तिच्या पेट्रोलाचा खर्च घरखर्चाच्या वहींत पडतो, म्हणून तिच्यांत केलेला फेरफार हा केवळ तरुणांच्या हौसेचा प्रश्न राहात नाहीं. मूळचा सायलेन्सर काढून मोकळ्या आवाजाचा बसवावयाचा, हवेच्या फिल्टराची पेटी काढून उघडा फिल्टर लावावयाचा, आणि मग मिस्त्रीकडून ‘ट्यूनिंग’ करून घ्यावयाचें, अशी रीत पडली आहे. पुढें गाडीचें ॲव्हरेज उतरतें. वडील मंडळी आवाजाला दोष देतात, मुलगा पेट्रोलपंपाला दोष देतो, आणि खरें कारण दोघांच्याही दृष्टीआड राहतें.

पेट्रोल जळावयास हवा लागते, हें सर्वांस ठाऊक आहे. पण किती लागते याची कल्पना थोड्यांस असते. एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. लिटराच्या मापानें, एका लिटर पेट्रोलाला सुमारें ९,००० लिटर हवा! काटकसरीचें मिश्रण याहून किंचित् विरळ, म्हणजे १५-१६ पट हवेचें असतें. अधिकांत अधिक जोर मात्र सुमारें १३ पट हवेच्या दाट मिश्रणांत मिळतो. अर्थात् पुरा जोर आणि पुरी काटकसर हीं एकाच वेळीं पदरांत पडत नाहींत. १४.७ वरून १३ वर येणें म्हणजे तितक्याच हवेबरोबर शेंकडा १३ पेट्रोल अधिक जाळणें होय.

आतां मिस्त्रीचें काम पाहूं. उघड्या फिल्टरानें व मोकळ्या सायलेन्सरानें हवा सढळ वाहते, मिश्रण विरळ होतें, इंजिन तापतें, आणि मूठ सोडतांच सायलेन्सरांतून बार निघतात. त्यावर उपाय म्हणून कार्बोरेटरांत मोठ्या भोंकाचा जेट बसवितात. तो मापानें न ठरवितां कानानें ठरविला, तर मिश्रण सहज गरजेहून दाट होतें. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. तेव्हांपासूनच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलें. त्यांत धुरांतील प्राणवायु ओळखणारा सेन्सर असतो, व त्याच्या सांगण्यावरून गाडींतील संगणक पेट्रोल बेततो. परंतु नवी नळी नीट न बसल्यास सांध्यांतून बाहेरची हवा आंत शिरते. सेन्सरास मिश्रण विरळ भासतें, आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवितो.

दुसरें कारण सायलेन्सराच्या घडणींत आहे. सायलेन्सर म्हणजे इंजिनाच्या तोंडांत कोंबलेला बोळा, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः नळीच्या लांबीप्रमाणें व पोकळीप्रमाणें धुराच्या दाबाच्या लाटा मागें परततात, आणि त्या योग्य वेळीं पोंचल्या तर सिलिंडर चांगला भरतो. उदाहरण महाराष्ट्रांतलेंच घ्या. बजाज ऑटोनें २००१ मध्यें पल्सर बाजारांत आणली; मिश्रण त्वरेनें जळावें म्हणून २००३ मध्यें तिला दोन प्लग दिले; आणि आपल्या कांहीं गाड्यांच्या धूरनळीस एक पोकळ डबी जोडून तिला ‘एक्झॉस्टेक’ असें नांव दिलें. हेतु हा कीं, इंजिन सावकाश फिरत असतांही जोर मिळावा. असली नळी काढून मोकळी बसविली, तर लाभ झालाच तर इंजिन अतिशय जलद फिरतांना होतो. मालवण ते कसाल या वळणांच्या रस्त्यावर तशी वेळ कितीदां येणार? उलट खालचा जोर घटल्यानें मूठ अधिक पिळावी लागते, खालच्या गिअरांत अधिक वेळ जातो. आवाज मोठा झाला म्हणजे जोर वाढला, हा तर निव्वळ भास.

कोंकणांत आणखी एक भय आहे. जांभ्याची तांबडी बारीक धूळ हलक्या प्रतीच्या उघड्या फिल्टरांतून आंत गेली, कीं सिलिंडर आणि रिंगा झिजतात. पावसाळ्यांत अशा फिल्टरावर चाकाचें पाणी उडतें. हें नुकसान पेट्रोलापुरतें राहात नाहीं.

हिशेब करून पाहूं. समजा, मुलगा नोकरीसाठीं मालवणहून कुडाळास जाऊन-येऊन रोज ६० किलोमीटर, महिन्यास २५ दिवस गाडी चालवितो. ॲव्हरेज ४५ वरून ३५ वर आलें, तर १,५०० किलोमीटरांस ३३ लिटरांऐवजीं ४३ लिटर पेट्रोल लागेल. लिटरास शंभर रुपये धरले, तरी महिन्यास सुमारें साडेनऊशें आणि वर्षास अकरा हजारांवर रुपये जातात. एका विद्यार्थ्याचीं पुस्तकें आणि फी त्यांत निघावी.

तथापि सगळा दोष या फेरफारांवर ढकलणेंही न्याय्य नव्हे. टायरांत हवा कमी, साखळी कोरडी, ब्रेक घासत असणें, यांनींही ॲव्हरेज घटतें. पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. त्यांतील ऊर्जा लिटरामागें पेट्रोलाहून सुमारें एक-तृतीयांश कमी, म्हणून थोडी घट प्रत्येक गाडींत दिसेल. यास्तव वाद न घालतां मोजावें. टाकी कांठोकांठ भरावी, नेहमींच्याच रस्त्यानें दोनशें किलोमीटर जावें, त्याच पंपावर पुनः तितकीच भरावी, आणि भागाकार करावा. असें तीनदां करावें. मग एका वेळीं एकच मूळ भाग परत बसवावा: आधीं फिल्टर व त्याबरोबरचा मूळ जेट, नंतर सायलेन्सर, आणि प्रत्येक वेळीं पुनः मोजावें. दोन्हीं एकदम बदलले तर कोणत्यानें गुण आला, हें कळत नाहीं.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याचें कलम ५२ मनमानी फेरफारास मनाई करितें. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

वडील मंडळींस एवढीच विनंति कीं, मुलावर रागावण्यापूर्वीं मोजणीची वही त्याच्याच हातीं द्यावी. स्वतः मांडलेला आंकडा तरुणास लवकर पटतो. आणि तरुणांनीं, कांहीं झालें तरी, काढलेला मूळ सायलेन्सर भंगारवाल्यास देऊं नये. कोरडा पुसून, गंज न लागेल असा माळ्यावर ठेवावा; समुद्राकांठच्या हवेंत तेवढी काळजी घ्यावीच लागते.