जुनी गाडी विकताय? जास्त भाव कुठे मिळतो आणि सौदा नेमका कुठे फसतो?

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा कुठेही थांबलं तरी एमएच-१४ पासिंगच्या गाड्या दिसतात. कारण जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पिंपरी-चिंचवड आरटीओच्या हद्दीत येतात. इथला माणूस गाडी विकायला काढतो, तेव्हा त्याच्यासमोर तीन वाटा असतात. शोरूममध्ये एक्स्चेंज, जुन्या गाड्यांचा डीलर किंवा थेट गिऱ्हाईक.

डीलर भाव कमी का देतो?

डीलरला तीच गाडी पुन्हा विकायची असते. दुरुस्ती, गाडी पडून राहण्याचा खर्च आणि स्वतःचा नफा तो आधीच वजा करतो. त्यातच डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांच्या मार्जिनवर सरसकट १८ टक्के कर लावायचं ठरवलं. हा कर नोंदणीकृत व्यावसायिकांना आहे. दोन सामान्य माणसांमधल्या व्यवहाराला तो लागत नाही. त्यामुळे थेट गिऱ्हाइकाकडून सहसा जास्त पैसे मिळतात. मात्र, डीलर आणि शोरूमचा भाव आधी विचारून ठेवावा. म्हणजे कुठल्या आकड्याखाली उतरायचं नाही, हे कळतं. शोरूममध्ये जुन्या गाडीची किंमत आणि नव्या गाडीवरची सूट वेगवेगळी लिहून मागावी.

भाव कागदांमुळे पडतो

गाडीवर बोजा असेल तर गिऱ्हाईक लगेच किंमत पाडतं. म्हणून कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधीच उतरवावा. थकलेली ई-चलनं भरावीत. पीयूसी, विमा, सर्व्हिसिंगची बिलं आणि दुसरी चावी तयार ठेवावी.

'नाव नंतर करतो' म्हणणारं गिऱ्हाईक

अनेकदा सगळ्यात जास्त भाव देणाराच असं म्हणतो. इथेच खरा धोका आहे. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात गाडी विकून जवळपास दोन वर्षं झाली होती आणि ती अनेक हातांतून गेली होती. पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं होतं. अपघात झाला आणि ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली.

मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. त्यांवर कोऱ्या सह्या देऊ नयेत. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरूनच सही करावी. गाडी अधिकृत डीलरकडे दिली तर फॉर्म २९सी भरून आरटीओला कळवायचं असतं.

सौदा झाल्यावर

फास्टॅग बंद करावा. नाहीतर गाडी चाळकवाडीच्या टोलनाक्यावरून जाईल आणि पैसे जुन्या मालकाचे कटतील. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते.

म्हणून दोन गिऱ्हाइकांच्या भावात पाच-दहा हजारांचा फरक असेल, तर लगेच नावावर करून घेणाऱ्याला गाडी देणं परवडतं. काही रक्कम आरसीवरचं नाव बदलेपर्यंत राखून ठेवायची अट मात्र घेणाराही घालू शकतो. ती मान्य केली तर लेखी असावी.