विश्लेषण : चुलीच्या उष्णतेवर फिरणारा पंखा आपल्या घरात कितपत उपयोगी?

हिवाळ्यात तोरणमाळ, डाब या सातपुड्यातल्या भागात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावांतही तेव्हा अंगणात शेकोट्या पेटतात आणि घरातली मंडळी चुलीजवळ सरकून बसतात. नेमक्या याच दिवसांत विजेशिवाय चालणाऱ्या, चुलीवर ठेवताच आपोआप फिरू लागणाऱ्या छोट्या पंख्याच्या जाहिराती मोबाइलवर दिसतात. ऑनलाइन दुकानांत तो काही हजार रुपयांना मिळतो. तो खरोखर फिरतो, यात फसवणूक नाही. प्रश्न आहे तो आपल्या चुलीवर त्याचा उपयोग होईल का, हा.

वीज नसताना पंखा फिरतो कसा?

१८२१मध्ये थॉमस सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाने दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांना जोडून एक सांधा तापवला, तेव्हा जवळच्या होकायंत्राची सुई हलली. सीबेकला तो चुंबकत्वाचा प्रकार वाटला. प्रत्यक्षात एक टोक गरम आणि दुसरे थंड राहिल्यामुळे पट्ट्यांतून वीज वाहत होती. आजच्या पंख्यात धातूंऐवजी बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाचे तुकडे असलेली काडेपेटीपेक्षा लहान चकती असते. तिची खालची बाजू चुलीच्या पत्र्याने तापते. वरची बाजू ॲल्युमिनियमच्या पात्यांमुळे थंड राहते, कारण पंख्याचाच वारा त्या पात्यांवरून जातो. दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक जितका जास्त, तितकी वीज जास्त आणि पंख्याचा वेगही जास्त.

या मार्गाने वीज मात्र फार थोडी मिळते. चकतीत शंभर भाग उष्णता शिरली, तर जेमतेम दोन-चार भागांची वीज होते. छताचा साधा पंखा ७०-७५ वॅट घेतो. हा वॅट-दोन वॅटवर चालतो. जास्त तापल्यास चकती खराब होते, म्हणून काही पंख्यांच्या तळाला दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापून वाकते आणि पंख्याला पत्र्यावरून किंचित उचलून धरते.

मग घर गरम होते का?

पंखा नवी उष्णता तयार करत नाही, असलेली उष्णता हलवतो. तापलेली हवा हलकी होऊन छताला जाऊन बसते आणि जमिनीवर बसलेल्या माणसाचे पाय गारच राहतात. पंखा ही हवा आडवी ढकलून खोलीभर पसरवतो. यासाठी तीन गोष्टी हव्यात: सपाट, चांगला तापणारा लोखंडी माथा, धूर बाहेर नेणारे धुराडे, आणि दारे-खिडक्या नीट बंद होणारी खोली. कॅनडा किंवा उत्तर युरोपातल्या लाकडाच्या शेगड्यांत हे सगळे असते. आपल्या देशात ते काश्मीर-लडाखच्या बुखारीत असते. उंचावरच्या चौक्यांत राहून आलेल्या जवानांना बुखारी वेगळी सांगायला नको. तिथे हा पंखा कामाचा आहे.

आपल्या मातीच्या चुलीवर काय अडचण?

मातीच्या चुलीला पंखा ठेवायला जागाच नाही. वर भांडे असते, वैलावरही भांडे असते आणि माती लोखंडासारखी पटकन तापत नाही. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. सर्वांत मोठी अडचण धुराची. धुराडे नसेल तर पंखा उबेबरोबर धूरही घरभर पसरवेल. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपुढे सर्वाधिक वेळ बसणाऱ्या बायका आणि त्यांच्या मांडीवरची मुले यांना हा धूर आधी गाठतो. उज्ज्वला योजना मे २०१६मध्ये सुरू झाली आणि गॅस गावोगावी पोहोचला, पण सिलिंडर पुन्हा भरायचे पैसे नसले की पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या आहेतच.

हीच युक्ती चुलीच्या आत वापरली तर?

खरा उपयोग तिथे आहे. धूर म्हणजे न जळलेले इंधन. फुंकणीने फुंकले की धूर कमी होऊन ज्वाळा उठते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. लहान पंखा हेच काम न थकता करतो: थोडी हवा खालून जळणाला देतो आणि थोडी वरून धुराच्या वायूंत मिसळतो, म्हणजे तेही जळून जातात. अमेरिकेतल्या बायोलाइट कंपनीच्या घरगुती चुलीत असा पंखा चुलीच्याच उष्णतेवर चालतो आणि उरलेल्या विजेवर मोबाइल चार्ज होतो. लोडशेडिंगच्या गावात ही सोय लहान नाही.

महाराष्ट्रात असा प्रयोग झाला आहे का?

पंख्याच्या चुलीचा झाला आहे, आणि मोठा. बीपी या तेल कंपनीने बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने ‘ऊर्जा’ ही चूल बाजारात आणली. २००९मध्ये बीपी बाहेर पडली आणि पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने ती पुढे चालवली. चार लाखांच्या आसपास चुली विकल्या गेल्या. धूर फारच कमी होता. मात्र पंखा चार्ज कराव्या लागणाऱ्या बॅटरीवर चालायचा आणि चुलीला शेतातल्या काडीकचऱ्यापासून बनवलेल्या कांड्याच लागायच्या. कच्चा माल महागला, कांड्यांचे दर चढले आणि अनेक घरांत चूल कोपऱ्यात गेली. उष्णतेवर चालणारा पंखा यातली बॅटरीची अडचण सोडवू शकतो, इंधनाची नाही. म्हणून घरचीच पऱ्हाटी तुकडे करून जाळता येईल, अशी पंख्याची चूल जास्त टिकेल, असे वाटते. अर्थात चकती आणि मोटर बिघडल्यास ती तालुक्याच्या गावी दुरुस्त व्हायला हवी.

तोवर थंडीत काय करावे?

जळण वाळलेले आणि बारीक चिरलेले असावे. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातले पाणी उडवण्यातच जाते. धुराडे असेल तर त्यातली काजळी हिवाळ्याआधी काढून घ्यावी. घरात बुखारी किंवा लोखंडी शेगडी असेल आणि पंखा घ्यायचाच असेल, तर तो किती तापमानाला सुरू होतो आणि कमाल किती सहन करतो, हे खोक्यावर पाहावे. पंखा माथ्याच्या मागच्या बाजूला, पण धुराड्याच्या नळीपासून थोडा दूर ठेवावा, म्हणजे त्याच्या पात्यांना मागून गार हवा मिळते. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत ठेवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि पंखा तो वायू खोलीबाहेर काढत नाही.