हॅकिंग मोफत शिकवणारे हे स्वयंसेवक कोण आहेत? आणि आपल्याला त्याचा काय उपयोग?

समजा, एका ऑनलाइन खरेदीचं बिल तुमच्या मोबाइलवर लिंकच्या रूपात आलं. लिंकच्या शेवटी बिलाचा क्रमांक आहे. कुणी गंमत म्हणून त्यातला शेवटचा आकडा बदलला आणि समोर भलत्याच माणसाचं बिल उघडलं : नाव, पत्ता, फोन नंबर सगळं उघड. पासवर्ड फोडावा लागला नाही की व्हायरस सोडावा लागला नाही. ‘हे बिल याच माणसाला दाखवायचं आहे ना?’ हे तपासायला वेबसाइट विसरली, एवढंच.

अशी माहिती चोराच्या हाती लागली की पुढचा फोन तुम्हाला येतो. तुमचं नाव आणि ऑर्डर बरोबर सांगणाऱ्या माणसावर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

पण हीच चूक चोराच्या आधी एखाद्या भल्या माणसाला सापडली तर? ती ओळखणारी माणसं तयार करण्यात स्वयंसेवकांचा मोठा वाटा आहे.

‘ओवास्प’ काय आहे?

2001 मध्ये सुरू झालेली ‘ओवास्प’ ही ना-नफा संस्था जगभरातल्या स्वयंसेवकांच्या बळावर चालते. वेबसाइट आणि ॲप सुरक्षित कसे बनवायचे, याचं साहित्य ती सगळ्यांसाठी मोफत उपलब्ध करून देते. 2003 पासून ती वेब ॲप्समधल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते आणि ठरावीक काळाने ती सुधारते. जगभरातले प्रोग्रॅमर आणि कंपन्या ही यादी वापरतात. वर सांगितलेली बिलाची चूक ज्या प्रकारात मोडते, तो प्रकार 2021 च्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता.

भारतात असं काही आहे का?

आहे. ‘नल’ हा सायबर सुरक्षेत रस असणाऱ्यांचा खुला समुदाय आहे. पुणे, मुंबई, बंगळुरू, दिल्ली अशा शहरांत त्याच्या शाखा आहेत. कुणीतरी जागा देतं, कुणीतरी विषय मांडतं आणि विद्यार्थी, नोकरदार, नवखे असे सगळे एकत्र बसून शिकतात. प्रवेशासाठी पैसे लागत नाहीत आणि शिकवणाऱ्याला मानधनही मिळत नाही. हल्ला कसा होतो हे हाताने करून बघण्याच्या सत्राला ‘हमला’ म्हणतात, तर तो थोपवायचा कसा हे शिकवणाऱ्या सत्राचं नाव ‘बचाव’.

याच समुदायातून 2010 मध्ये गोव्यात ‘नलकॉन’ ही परिषद सुरू झाली. महिलांसाठी ‘विंजा’ नावाची स्पर्धाही या परिषदेत भरवली गेली आहे.

हे कॉलेजमध्ये शिकता येत नाही का?

येतं, पण अडचण वेगाची आहे. अभ्यासक्रम बदलायला वर्षं लागतात आणि फसवणुकीची नवी पद्धत काही दिवसांत पसरते. कामावर असताना जो माणूस हल्ला हाताळतो, तोच शनिवारी येऊन समजावतो तेव्हा हे अंतर कमी होतं.

दुसरी अडचण सरावाची. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावंच लागतं. पण परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटर यंत्रणेत शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 नुसार गुन्हा ठरू शकतो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून ओवास्पच्या स्वयंसेवकांनी ‘ज्यूस शॉप’सारख्या मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या वेबसाइट बनवल्या आहेत. ज्यूसचं हे दुकान खोटं आहे. ते आपल्याच कॉम्प्युटरवर चालवायचं आणि हवं तितकं फोडायचं. कुणाचं नुकसान नाही आणि कायदाही मोडत नाही.

चूक सापडली तर पुढे काय?

खरं शिक्षण इथे होतं. कुलूप उघडण्याची कला चोराची आणि कुलूपवाल्याची सारखीच असते. फरक असतो तो कुणाच्या सांगण्यावरून उघडलं याचा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला इंटरनेटवर हल्ल्याची साधनं सहज मिळतात, पण ‘इथे थांब’ म्हणणारं कुणी मिळत नाही. समुदायातले अनुभवी लोक ते सांगतात : परवानगीशिवाय तपासू नका. चूक नजरेस पडलीच तर दुसऱ्याचा डेटा उतरवून घेऊ नका, स्क्रीनशॉट सोशल मीडियावर टाकू नका. आधी संबंधित कंपनीला कळवा. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या यंत्रणेलाही कळवता येतं.

मर्यादा कोणत्या?

हे सगळं लोकांच्या फावल्या वेळावर चालतं. चालवणाऱ्याची बदली झाली, घरची जबाबदारी वाढली की शाखा थंडावते. बरंच साहित्य इंग्रजीत आहे आणि भेटी मुख्यतः मोठ्या शहरांत होतात. फसवणुकीचे फोन मात्र गावोगावी येतात.

मला तांत्रिक काही येत नाही, मी काय करू?

समुदायाची पद्धत घरीही वापरता येते : जे कळलं ते पुढच्याला समजावायचं. आईबाबांच्या मोबाइलवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून द्या. ‘डिजिटल अरेस्ट’ अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही, हे शेजारच्या आजोबांना सांगा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता जास्त. एवढं दहा जणांना समजावलंत, तर तुम्हीही स्वयंसेवकच झालात.